हरित रसायनशास्त्राचा जन्मकाळ : परिषदा, पाठवर्ग व उपलब्ध साधनें

(१) प्रास्ताविक

कोणत्याहि शास्त्राचा जन्मकाळ ठरवावयाचा झाला म्हणजे त्या शास्त्रावरील पहिला प्रसिद्ध ग्रंथ हातीं घ्यावा, त्याचा सन टिपावा आणि मोकळें व्हावें, अशी एक सोयीची चाल पडून गेली आहे. ही चाल निर्दोष नाहीं. ग्रंथ हें पुष्कळदां फार दिवस चाललेल्या चर्चेचें अखेरचें पान असतें. व्याकरणाचा आरंभ पाणिनीपासून धरणारास खुद्द पाणिनीच शाकटायन, गार्ग्य, शाकल्य इत्यादि पूर्वाचार्यांचीं नांवें घेऊन अडवितो. जी गोष्ट त्या प्राचीन शास्त्रास लागू, तीच अवघ्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं नांवारूपास आलेल्या एका शास्त्रास कशी लागू पडते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तें शास्त्र म्हणजे हरित रसायनशास्त्र. रासायनिक पदार्थ तयार करतांना विषारी द्रव्यें वापरूं नयेत व उत्पन्न होऊं देऊं नयेत, टाकाऊ माल मुळांतच कमी निघावा, आणि जो पदार्थ निघेल तो आपलें काम झाल्यावर निरुपद्रवी होऊन विरून जावा, अशा बेतानें कृतीची आखणी करण्याचें हें शास्त्र आहे. पोथ्या, मोडी रुमाल व ताम्रपट यांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु त्यांतील साधनपरीक्षेचा प्रश्न परका नाहीं. येथेंहि अस्सल कागद आहेत, मागाहून रचलेल्या बखरी आहेत, नांवाचे वाद आहेत, आणि वेळीं न जपल्यास दहा-वीस वर्षांत नाहींसे होतील असे कागदांचे थर आहेत.

(२) जन्मकाळाविषयीं चार पक्ष

पहिला पक्ष १९९८ चा. त्या वर्षीं पॉल ॲनास्टस व जॉन वॉर्नर या दोन अमेरिकन रसायनज्ञांचा ‘ग्रीन केमिस्ट्री : थिअरी अँड प्रॅक्टिस’ हा ग्रंथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केला. त्यांत या शास्त्राचीं बारा तत्त्वें सांगितलीं आहेत. टाकाऊ माल निघाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्यापेक्षां तो निघूंच न देणें हें पहिलें तत्त्व. आपल्या पंकप्रक्षालनन्यायाचाच हा विस्तार होय. कच्च्या मालांतील अणु होतां होईल तों सर्व तयार मालांत उतरावेत हें दुसरें. त्यापुढें कमी घातक कृति, सुरक्षित पदार्थ, सुरक्षित विद्रावक, इंधनाची काटकसर, पुन्हां उगवणारा कच्चा माल, अनावश्यक पायऱ्या टाळणें, उत्प्रेरकांचा उपयोग, विघटन होणारा माल व चालू कृतीवर तत्काळ नजर, हीं तत्त्वें येतात. आणि स्फोट, आग, वायुगळति असे अपघात संभवूंच नयेत असे पदार्थ निवडावे, हें बारावें.

सूत्राचीं जीं लक्षणें आपल्याकडे मानिलीं आहेत तीं बहुतेक या बारा वाक्यांत सांपडतात. परंतु सूत्रें हीं विषयाच्या आरंभीं होत नसतात. पुष्कळांनीं पुष्कळ बोलून झाल्यावर, लक्षांत राहावें म्हणून, तीं बांधलीं जातात. ग्रंथांतील अंतःप्रमाण हेंच सांगतें. दुसऱ्या तत्त्वाचें मूळ बॅरी ट्रॉस्ट यांनीं १९९१ सालीं मांडलेल्या अणुमितव्ययाच्या कल्पनेंत आहे. बाराव्याचा आशय ट्रेव्हर क्लेट्झ या इंग्रज अभियंत्यानें १९७७ च्या डिसेंबरांतील व्याख्यानांत सांगितला होता : जो घातक पदार्थ कारखान्यांत नाहींच तो गळणारहि नाहीं. अर्थात् १९९८ हें वर्ष ग्रंथाचें म्हणून निर्विवाद, शास्त्राचें म्हणून साध्य आहे.

दुसरा पक्ष १९९१ चा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यांत असतां ॲनास्टस यांनीं त्या वर्षीं ‘ग्रीन केमिस्ट्री’ हें नांव योजिलें, असें या शास्त्राचे बहुतेक वृत्तान्तकार लिहितात. हे वृत्तान्त मागाहूनचे, म्हणून बखरीच्या योग्यतेचे. समकालीन कागद पाहतां त्या खात्यानें १९९१ सालीं जी संशोधन-अनुदानाची योजना काढली तिचें नांव प्रदूषण टाळण्यासाठीं पर्यायी संश्लेषणमार्ग अशा अर्थाचें होतें. ‘हरित’ हें विशेषण योजनेच्या नांवांत आलें तें १९९३ सालीं, तिचा विस्तार झाला तेव्हां. १९९४ सालीं निघालेल्या निबंधसंग्रहाच्या मथळ्यांतहि ‘बिनाइन बाय डिझाइन’, म्हणजे आखणींतच निरुपद्रवी, असे शब्द आहेत. बोलण्यांत नांव अगोदर असेल. कागदावर तें सावकाश स्थिर झालें.

तिसरा पक्ष नांवाच्या आद्य आढळाचा. १९९० सालीं इंग्लंडांतील ‘केमिस्ट्री अँड इंडस्ट्री’ या नियतकालिकांत आयर्लंडच्या रासायनिक उद्योगावर एक लेख आला, त्याच्या मथळ्यांत ‘ग्रीन केमिस्ट्री’ हे शब्द छापलेले आहेत. आयर्लंडास पाचूचें बेट म्हणण्याची इंग्रजी रूढि असल्यामुळें तेथें हिरव्या रंगावर कोटी साधली आहे. नामसाम्य म्हणजे वस्तुसाम्य नव्हे. तथापि शब्दाचा आढळ म्हणून या मथळ्याची नोंद ठेवणें प्राप्त आहे.

चौथा पक्ष भोपाळचा. त्याचा विचार स्वतंत्रपणें केला पाहिजे.

(३) भोपाळ व नोंदवही

१९८४ सालीं डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधील रात्रीं भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून मिथिल आयसोसायनेट हा वायु सुटला. टाकींत हें द्रव्य सुमारें चाळीस टन होतें. मध्य प्रदेश शासनाच्या आंकड्याप्रमाणें ३,७८७ माणसें मेलीं. जे जगले त्यांतील हजारों जन्माचे अधू झाले. येथें रसायनदृष्ट्या एक गोष्ट विसरतां कामा नये. हें द्रव्य तेथील कच्चा माल नव्हे व विकावयाचा मालहि नव्हे. कीटकनाशक तयार करण्याच्या वाटेवरची ती एक पायरी होती. आणि पायरीवरचा तो पदार्थ टाक्या भरभरून सांठविलेला होता. त्या पदार्थाशिवाय तेंच कीटकनाशक तयार करण्याची दुसरी वाट रसायनज्ञांस ठाऊक होती.

म्हणून भोपाळ हाच हरित रसायनाचा जन्म, असें कित्येक म्हणतात. आमच्या मतें अनर्थ हें शास्त्राचें निमित्त होऊं शकतें, जन्म नव्हे. मधला दुवा दाखविल्यावांचून कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं. तो दुवा सुदैवानें कागदोपत्रीं मिळतो. भोपाळनंतर अमेरिकेंत १९८६ सालीं एक कायदा झाला. त्यानें ठरावीक कारखान्यांस आपण कोणतीं विषारी द्रव्यें किती प्रमाणांत हवेंत, पाण्यांत व जमिनींत सोडतों याची वार्षिक नोंद सरकारांत देणें भाग पडलें. १९८७ सालाची ही पहिली नोंद १९८९ सालीं लोकांपुढें आली. आंकडे एकत्र पाहतांच अपघात हा अपवाद असून रोजचें सोडणें हाच नियम आहे, असें सर्वांस दिसलें. लगेच १९९० सालीं प्रदूषणप्रतिबंधाचा कायदा झाला, आणि त्याच्या आधारें १९९१ ची ती अनुदानयोजना निघाली.

दप्तराचें महत्त्व आमच्या वाचकांस सांगावयास नको. जमाखर्च लिहिला गेला नाहीं तोंवर गळति कोठें आहे हें धन्यासहि कळत नाहीं. या शास्त्राच्या मुळाशीं ग्रंथाच्या अगोदर एक नोंदवही आहे, हा आमचा पहिला निष्कर्ष.

(४) परिषदा

दुसरी अवस्था परिषदांची. १९९३ च्या ऑगस्टांत अमेरिकन केमिकल सोसायटीचें अधिवेशन शिकागो येथें भरलें. त्यांतील एका चर्चासत्रांत निरुपद्रवी संश्लेषणावर जे निबंध वाचले गेले, तोच वर उल्लेखिलेला १९९४ चा संग्रह. हा संग्रह १९९८ च्या ग्रंथाचा पूर्वपाठ समजण्यास हरकत नाहीं. १९९५ च्या मार्चांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं या विषयाचीं पारितोषिकें जाहीर केलीं व १९९६ सालीं तीं प्रथम दिलीं गेलीं. १९९७ सालीं वॉशिंग्टन येथें हरित रसायन व अभियांत्रिकी यांची वार्षिक परिषद सुरू झाली.

पारितोषिकांमुळें एक फायदा इतिहासाचा झाला : कारखान्यांतील कृति, ज्या एरवीं कुलुपांत राहतात, त्यांचा तपशील लेखी मिळूं लागला. १९९७ सालीं गौरविलेली आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाची कृति पाहावी. जुन्या कृतींत सहा पायऱ्या होत्या व वापरलेल्या द्रव्यांतील अणूंपैकीं शेंकडा सुमारें चाळीसच औषधांत उतरत; उरलेले साठ टाकाऊ मालांत जात. नव्या कृतींत पायऱ्या तीन, व उतरणारे अणु शेंकडा सुमारें सत्याहत्तर. बारा तत्त्वांचा सारा अर्थ या एका उदाहरणांत आहे, आणि ही कृति ग्रंथाच्या अगोदर कारखान्यांत चालू झालेली होती.

याच काळांतील एक परिषद संशोधकास विशेष अडचणींत टाकणारी आहे. नील गॉर्डन या अध्यापकानें १९३१ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत ज्या उन्हाळी बैठका सुरू केल्या त्या पुढें ‘गॉर्डन परिषदा’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. तेथें जें बोललें जाईल तें बाहेर उद्धृत करावयाचें नाहीं व छापावयाचें नाहीं, असा दंडक आहे. विद्वानांनीं अपुरें, कच्चें, चुकण्याचा संभव असलेलें संशोधनहि मोकळेपणें बोलून दाखवावें हा त्यांतील हेतु. १९९६ पासून हरित रसायनाचा विषयहि या परिषदांत आला. परिणामी, जेथें सर्वांत मोकळी चर्चा झाली तेथलाच कागद सर्वांत थोडा. विषयपत्रिका, वक्त्यांचीं नांवें व उपस्थितांच्या खासगी टिपणवह्या एवढ्यावरच पुढील इतिहासकारास भागवावें लागेल.

नांवाच्या बाबतींतहि परिषदांचे कागद उपयोगी पडतात. अमेरिकेंत ‘हरित’ हा शब्द रुळला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें १९९८ च्या ऑक्टोबरांत व्हेनिस येथें जी कार्यशाळा भरविली तिच्या नांवांत मात्र ‘सस्टेनेबल’, म्हणजे चिरस्थायी, हा शब्द आहे. पहिला शब्द कृतीच्या शुद्धतेकडे, तर दुसरा पुढील पिढ्यांच्या निर्वाहाकडे अधिक पाहतो. जपानांत २००० सालीं स्थापन झालेल्या मंडळानें दोन्ही शब्द एकत्र जोडले. २००३ सालीं टोकियो येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें व पुढें आययुपॅक या जागतिक रसायनसंघाच्या २००६ च्या ड्रेस्डेन येथील परिषदेनें हें जोडनांवच धारण केलें. एखाद्या सुट्या निमंत्रणपत्रिकेवर सन नसला तरी नांवाच्या या तीन रूपांवरून तिचा काळ व प्रदेश यांचा अजमास करतां येईल.

(५) पाठवर्ग

परिषदेंत जाणत्यांचें जाणत्यांशीं बोलणें होतें. शास्त्र टिकतें तें नेणत्यांस शिकविल्यानें. या दोहोंचा मिलाफ झाला म्हणजे काय घडतें, याचा रसायनशास्त्राच्याच इतिहासांत एक उत्तम दाखला आहे. १८६० च्या सप्टेंबरांत ३ ते ५ या तारखांस जर्मनींतील कार्ल्सरूह येथें सुमारें १४० रसायनज्ञ अणु व रेणु यांचा वाद मिटविण्यासाठीं जमले. वाद मिटला नाहीं. परंतु निघतांना पावेसी नांवाच्या इटालियन रसायनज्ञानें आपला मित्र कान्निझारो याची एक पुस्तिका सर्वांस वांटली. ती पुस्तिका म्हणजे जिनोव्हा येथें कान्निझारो आपल्या विद्यार्थ्यांस जें शिकवीत असे त्या पाठांचा सारांश होता. लोथार मायर व मेंडेलेएफ हे दोघेहि त्या परिषदेस हजर होते. मूलद्रव्यांच्या आवर्तनाचा नियम पुढें याच पायावर उभा राहिला. परिषदेच्या भाषणांनीं जें साधलें नाहीं तें वर्गांतल्या टिपणानें साधलें.

आतां रसायनाच्या शिक्षणाकडे पाहूं. लीबिग यानें १८२४ पासून गीसेन येथें प्रयोगशाळेंत विद्यार्थी घडविण्याची जी रीति घातली तीच पुढें जगभर पसरली. तिची फळें मोठीं आहेत. परंतु या परंपरेंत विद्यार्थ्याची परीक्षा मुख्यतः एका आंकड्यावर होत आली : उतारा किती पडला. अपेक्षित मालापैकीं शेंकडा नव्वद हातीं आला कीं तो उत्तीर्ण. त्यासाठीं किती विद्रावक ओतून दिला, किती आम्ल मोरींत गेलें, हें कोणी विचारीत नसे. रॉजर शेल्डन यांनीं १९९२ सालीं हाच न विचारलेला प्रश्न विचारला व एक किलो मालामागें किती किलो टाकाऊ माल निघतो याचें कोष्टक मांडलें. खनिज तेलाच्या शुद्धीकरणांत हा आंकडा सुमारें ०·१. औषधांच्या उद्योगांत २५ पासून १०० च्याहि वर. उताऱ्याचा आंकडा चांगला असूनहि कृति वाईट असूं शकते, हें या कोष्टकानें उघडें पडलें.

ही उणीव किती खोल होती याचा एक पुरावा खुद्द वॉर्नर यांच्या जाहीर निवेदनांत आहे. त्यांचा लहान मुलगा जन्मजात विकारानें गेला. आपण प्रयोगशाळेंत हाताळलेल्या एखाद्या द्रव्यानें तर हें झालें नसेल, असा विचार मनांत येतांच त्यांच्या लक्षांत आलें कीं कोणतें द्रव्य कशामुळें विषारी ठरतें हें ओळखावयास आपणांस सबंध शिक्षणांत कोणीं शिकविलेंच नाहीं. हें निवेदन मागाहूनचें, म्हणून बखरीच्याच वर्गांतलें. पण तें कर्त्याच्या स्वतःच्या तोंडचें आहे, आणि बोलल्याप्रमाणें कृति झाल्याचें स्वतंत्र प्रमाणहि मिळतें. वॉर्नर यांनीं बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत या विषयाची डॉक्टरेट पदवी सुरू केली, व २००७ पासून शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांस तयार करणारी संस्था चालविली.

युरोपांत हें काम व्हेनिसनें केलें. इटालींतील विद्यापीठांच्या एका संघानें प्रा. पिएत्रो तुंदो यांच्या पुढाकारानें १९९८ पासून तेथें हरित रसायनाचा उन्हाळी वर्ग भरविला. निरनिराळ्या देशांतील पदव्युत्तर विद्यार्थी त्यासाठीं एकत्र येत. आचार्यांनीं पाठ द्यावे व विद्यार्थ्यांनीं आपापलें काम त्यांच्यापुढें मांडावें, अशी त्याची योजना होती. तेथील पाठांच्या आधारें पुढें ग्रंथहि छापले गेले. कान्निझारोच्या पुस्तिकेचीच ही परंपरा, आणि त्याच देशांतली.

(६) आमच्याकडील स्थिति

येथें एका मोहापासून वाचकांस सावध करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. आमचे रसग्रंथ उघडून त्यांत हीं बारा तत्त्वें शोधण्याचा उत्साह कोणास होईल. ‘रसरत्नसमुच्चय’, जो पुण्याच्या आनंदाश्रमानें छापला आहे, त्याच्या सहाव्या अध्यायांत शिष्याचीं लक्षणें व दीक्षा आणि सातव्यांत रसशाळेची मांडणी सांगितली आहे. रसायन शिकविण्यासाठीं गुरु, शिष्य व शाळा या तिहींची योग्यता ठरवून ठेवणारी ही परंपरा खरोखर अभिमानास्पद आहे. परंतु तेथें विद्या गुप्त राखणें हा धर्म मानिला आहे. टाकाऊ मालाचा हिशेब हा तेथील विषय नव्हे. प्रफुल्लचंद्र राय यांनीं १९०२ व १९०९ सालीं हिंदी रसायनाचा इतिहास दोन भागांत लिहितांना जो संयम दाखविला तोच आपणहि दाखवावा. पूर्वजांच्या पदरीं न मागितलेलें श्रेय बांधल्यानें त्यांचें खरें श्रेय झांकलें जातें.

अलीकडचा पुरावा मात्र भक्कम आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें (उद्घाटन १९५०) झिओलाइट वर्गाचे ‘एन्सिलाइट’ नांवाचे उत्प्रेरक तयार केले, ते हें नांव रूढ होण्यापूर्वींचे. नांवाआधीं वस्तु असते याचें हें घरचें उदाहरण. २००१ च्या जानेवारींत दिल्ली येथें हरित रसायनाचें आंतरराष्ट्रीय चर्चासत्र झालें. म्हणजे आययुपॅकची बोल्डर येथील परिषद जूनमध्यें भरली त्याच्या अगोदर पांच महिने. पुढें केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें महाविद्यालयीन प्रयोगांची एक पुस्तिका काढली. तींत नेहमींच्या प्रयोगांतील घातक द्रव्यें काढून त्यांजागीं सौम्य द्रव्यें घातलेले प्रयोग क्रमवार दिले आहेत. आमच्या मतें मोठ्या परिषदांच्या जाडजूड वृत्तान्तांपेक्षां या पुस्तिकेचें ऐतिहासिक मोल अधिक ठरेल. कारण शास्त्र पेल्यांत व चंचुपात्रांत उतरलें कीं नाहीं हें तिच्यावरूनच कळतें.

(७) संक्षिप्त शकावली

१९७७ — क्लेट्झ यांचें व्याख्यान.
१९८४ — भोपाळची वायुगळति.
१९८६ — अमेरिकेंत विषारी द्रव्यांच्या नोंदीचा कायदा. १९८९ — पहिली नोंद प्रसिद्ध.
१९९० — प्रदूषणप्रतिबंधाचा कायदा. आयर्लंडवरील लेखांत नांवाचा आढळ.
१९९१ — अनुदानयोजना. ट्रॉस्ट यांचा अणुमितव्यय.
१९९२ — शेल्डन यांचें कोष्टक.
१९९३ — शिकागोचें चर्चासत्र. योजनेस ‘हरित’ हें नांव.
१९९६ — पहिलीं पारितोषिकें. गॉर्डन परिषदेंत हा विषय.
१९९७ — वॉशिंग्टन येथील वार्षिक परिषदेस आरंभ.
१९९८ — बारा तत्त्वांचा ग्रंथ; व्हेनिसचा पहिला उन्हाळी वर्ग; व्हेनिसचीच कार्यशाळा.
१९९९ — इंग्लंडांतील रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचें ‘ग्रीन केमिस्ट्री’ नियतकालिक.
२००१ — दिल्ली व बोल्डर.
२००३ — टोकियो.
२००६ — ड्रेस्डेन.

(८) निर्णय

वरील साधनांवरून १९९० ही पूर्वमर्यादा व १९९८ ही उत्तरमर्यादा ठरते. या दोहोंमध्यें नोंदवहीनें प्रश्न उभा केला, परिषदांनीं तो घांसला, कारखान्यांनीं कृतीनें उत्तर दिलें. मग जन्मवर्ष कोणतें ? आम्हीहि १९९८ च धरतों. मात्र पहिल्या पक्षाचें कारण आम्हांस मान्य नाहीं. त्या वर्षीं ग्रंथ छापला गेला एवढ्यानें तें जन्मवर्ष ठरत नाहीं. त्याच वर्षीं व्हेनिस येथें शिष्य जमले, व सूत्रें आणि तीं शिकणारा यांची प्रथम गांठ पडली, म्हणून तें जन्मवर्ष होय. सूत्रपाठ हातीं आहे पण अध्ययन करणारा कोणी नाहीं, अशा शाखांची गति काय झाली हें पोथ्यांच्या याद्या चाळणारास ठाऊक आहे.

या निर्णयांतून एक कटु अनुमान निघतें. शिकविणें हीच जर शास्त्राच्या अस्तित्वाची खूण, तर ज्या महाविद्यालयांत हा विषय ऐच्छिक म्हणून कोपऱ्यांत ठेवला जातो तेथें तो अद्याप जन्मलाच नाहीं असें म्हणावें लागेल. टाकी भरणारा, कृति आंखणारा व कारखान्यास परवाना देणारा, यांपैकीं ज्याच्या वाट्यास तो विषय आला नाहीं त्याच्या हातीं पुढचें भोपाळ आहे.

राहतां राहिली साधनांची गोष्ट. या शास्त्राचीं निमंत्रणपत्रें, विषयपत्रिका, वर्गांत वांटलेलीं टिपणें, प्रयोगपुस्तिकांच्या पहिल्या आवृत्त्या व विद्यार्थ्यांच्या वह्या आज रद्दीच्या भावानें जात आहेत. ज्यांनीं त्या लिहिल्या त्यांतील पुष्कळ लोक हयात असतांना हें होत आहे. पेशवाईचा एक रुमाल मिळावा म्हणून आम्हीं गांवोगांवीं माळे धुंडाळले. तेवढे कष्ट येथें नकोत. आपल्या गांवच्या महाविद्यालयांतील रसायनाच्या अध्यापकांस भेटून त्यांच्या कपाटांतील अशा कागदांची एक यादी करावी, व ती मंडळाकडे पाठवावी, एवढीच संग्राहकांस आमची विनंति आहे. कार्ल्सरूहची ती पुस्तिका कोणीं जपली नसती तर परिषदेचा वाद कशानें सुटला हें आज आपणांस कळतें ना. इत्यलम्.